टाळ्या न वाजवणारे लोक

४ नोव्हेंबर

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र आधी टेबलाच्या कडेला सरकवून ठेवशील आणि मग चहा पिता पिता उघडशील. फाडून मात्र टाकणार नाहीस, तेवढी मी तुला ओळखते.

फोनच केला असता, पण माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, असं टिटवीनेच सांगितलं. तुझी लेक लपवाछपवीत अगदी कच्ची आहे. तीन वर्षं आपण बोललो नाही त्यातलं काही मला उकरून काढायचं नाही. तुझं म्हणणं, मी तुझी मुलगी या विद्यापीठात ओढून आणली. माझं म्हणणं, ती इथे आली हे मला कळलं तेव्हा ती वसतिगृहात गादी पसरत होती. हे भांडण आहे तिथे राहू दे, ते कुठे पळून जात नाही.

काम एवढंच आहे. वीस तारखेला इथे वार्षिक गाण्याचा कार्यक्रम आहे. त्या आठवड्यात टिटवीला घरी बोलावून घे. कारण तू शोध. पाठ धरली आहे म्हण, घराला रंग द्यायचा आहे म्हण. तुझं ती ऐकते. माझं ऐकून घेते, हसते आणि स्वतःला हवं तेच करते.

तिची तब्येत उत्तम आहे. बसलेला घसा सुटला. तालमी नव्या सभागृहात चालू आहेत. सभागृह सुंदर झालं आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मी नेहमीसारखीच आहे. झोप जरा कमी झाली आहे, पण ते तू मनावर घेऊ नकोस.

तुझी,
भागूबाई

ता. क. हे नाव तूच ठेवलंस. तुला लिहिताना दुसरी सही सुचत नाही.


९ नोव्हेंबर

ताई,

काल टिटवी माझ्याकडे जेवायला आली आणि दारातूनच म्हणाली, "मावशी, आईला काय लिहिलंस गं? तिचा फोन आला होता. म्हणाली, तुझ्या मावशीचं काहीतरी बिनसलंय, नीट जेवते का बघ."

म्हणजे पत्र उघडलंस. आणि तिला घरी मात्र बोलावलं नाहीस. तुझी चूक नाही, कारणच मी सांगितलं नव्हतं. प्रयोगशाळेतलं काही बाहेर सांगायचं नसतं. तू बाहेरची की घरची हे मला हल्ली ठरवता येत नाही, म्हणून सांगून टाकते.

इथे कुणी टाळ्या वाजवत नाही. हे विद्यापीठ ज्यांनी स्वतःच्या पैशातून उभं केलं ते संस्थापक म्हातारपणी ठार बहिरे झाले होते. टाळ्या त्यांना ऐकू यायच्या नाहीत, मग ते हिरमुसायचे. तेव्हा मुलांनी लाकडी जमिनीवर पाय आपटायला सुरुवात केली. खुर्चीतून हादरा अंगात पोचला की म्हातारबुवा खूश. ते गेले, पाय राहिले. पदवीदान असो, पाहुण्याचं व्याख्यान असो, कुणाला मोठं बक्षीस मिळालेलं असो, आम्ही पाय वाजवतो. नवी मुलं सुरुवातीला बावचळतात आणि महिनाभरात इतकी सरावतात की सुट्टीत घरी जाऊनही पाय आपटतात. मी स्वतः एका लग्नात आपटले होते. नवरानवरी माझ्याकडे बघतच राहिले.

वार्षिक कार्यक्रमात शेवटचं गाणं शेवटच्या वर्षाची मुलं म्हणतात. गाणं संपलं की सगळे चिडीचूप. मग त्या मुलांनी निवडलेला एकजण पहिला पाय वाजवतो आणि अख्खं सभागृह त्याच्या लयीत सुरू होतं. यंदा तो पहिला पाय टिटवीचा आहे. तिने तुला सांगितलंच असेल, तिच्या पोटात काय राहणार.

जुनं सभागृह बैठं होतं. तिथे हत्ती नाचले असते तरी चाललं असतं. नव्यात बाल्कनी आहे, भिंतीतून बाहेर आलेली, खाली एकही खांब नाही. संस्थापकांच्या नातीने तिच्यासाठी देणगी दिली आणि भिंतीवर आजोबांचं नाव आहे. शेवटच्या वर्षाची मुलं वरूनच गाणार आणि त्यांच्यामागे माजी विद्यार्थी उभे राहणार. पालकांच्या खुर्च्या बरोबर त्याखाली.

मी कंपनांच्या प्रयोगशाळेत काम करते, हे तू लोकांना "ती काहीतरी हलवून बघते" असं सांगतेस. बरोबरच आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी सराव म्हणून त्या बाल्कनीला मोजणीची यंत्रं लावली होती. तालमीला वर मोजकीच पोरं होती. त्यांनी आपले गमतीत पाय वाजवले. पडद्यावरची रेघ प्रत्येक ठेक्याला मोठी होत गेली. असं व्हायला नको, ताई. आपटलं की हलावं आणि विरून जावं. ही विरत नव्हती, वाढत होती.

आपल्या अंगणातला झोका आठव. तू मागून ढकलायचीस. तुला जोर लावावाच लागायचा नाही. झोका मागे आला की नेमक्या वेळी नुसता हात टेकवायचीस आणि तो वर वर जायचा. मी "थांब, थांब" म्हणून घसा फोडायचे आणि तू आणखी एकदा हात टेकवायचीस. इथे तेच आहे. आमच्या पायांची लय आणि त्या बाल्कनीची हलायची लय एकच निघाली आहे. फक्त ढकलायला एक ताई नाही, शेकडो माणसं असणार.

तिला बोलावून घे. मी पाया पडते.

भागूबाई


१३ नोव्हेंबर

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. मी लिहीत राहते, निदान मला तरी बरं वाटतं.

आमच्या विभागप्रमुखांना मी रेघ दाखवली. ते भले गृहस्थ आहेत, आवाज चढवत नाहीत, पण त्यांच्या हातातलं पेन खाली पडलं. ज्या इंजिनिअरने त्या बाल्कनीचं गणित केलं त्याला त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला, मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा ठेवून. माणूस दूरच्या शहरातला, नावाजलेला. तो शांतपणे म्हणाला, "प्रेक्षक बसलेले धरलेत. टाळ्या वाजवणारे धरलेत. उभं राहून टाळ्या वाजवणारेसुद्धा धरलेत. तुम्ही निर्धास्त असा."

सर म्हणाले, "आमच्याकडे टाळ्या नाही वाजवत."

"मग काय करतात?"

सर माझ्याकडे बघायला लागले. शेवटी मीच म्हणाले, "पाय आपटतात."

"कोण?"

"सगळे."

"एकदम?"

"एका लयीत."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "हे मला कुणी सांगितलं नाही."

कुणी सांगितलंच नव्हतं. सर स्वतः बांधकाम समितीवर होते. खुर्च्यांच्या कापडाच्या रंगावरून तिथे माणसं हमरीतुमरीवर आली होती, असं त्यांनी मला सांगितलं. पण पायांचा विषय कुणाच्या तोंडून निघाला नाही. "कसा निघणार?" ते म्हणाले. "आपण श्वास घेतो हे कुणी मुद्दाम सांगतं का?" आणि खुर्चीत बसून राहिले. मला त्यांची कीव आली आणि रागही आला.

इंजिनिअरला नव्याने गणित मांडायला वेळ हवा आहे, कार्यक्रमाच्या आत काही होत नाही. तोपर्यंत बाल्कनी बंद ठेवा, असं तो म्हणाला. आम्ही दोघं तडक कुलगुरूंकडे गेलो.

कुलगुरूंनी नीट ऐकून घेतलं. मग मला विचारलं, "बाल्कनी पडेल असं लिहून देता? आत्ता कार्यक्रम रद्द करतो."

"पडेलच असं नाही लिहू शकत, सर. पडू शकते असं देते."

"पडू तर हे छतही शकतं, मॅडम."

खोलीतले सगळे हसले. मीसुद्धा हसले, ताई. त्या हसण्याची मला अजून शरम वाटते. संस्थापकांची नात त्या दिवशी केवळ आजोबांच्या आठवणीतला तो आवाज ऐकायला येते आहे, बाल्कनी रिकामी ठेवून तिला काय सांगायचं, असं ते म्हणाले. मग तोडगा निघाला. बाल्कनीत पाट्या लावायच्या, "कृपया पाय हळू वाजवावेत". आणि विषय या खोलीबाहेर जाऊ द्यायचा नाही.

माझी मोजणी चुकलीही असेल. यंत्रं पोरांनी लावली होती, एखादं सैल बसलं असेल. मी पुन्हा जाऊन बघणार होते तर आता वर जायला परवानगी लागते. माझं चुकलं असेल याची मला भीती वाटते आणि चुकलं नसेल याची त्याहून जास्त वाटते. जेवताना घास तोंडात तसाच राहतो.

भागूबाई


१७ नोव्हेंबर

ताई,

आज टिटवीला बसवून सगळं सांगितलं. झोका, रेघ, इंजिनिअर, सगळं. ती पाय हलवत ऐकत होती. मी म्हटलं, "आधी पाय हलवणं बंद कर." तर म्हणाली, "मावशी, तू लिफ्टमध्ये चढत नाहीस. गॅसचं बटण बंद आहे का ते बघायला जिन्यावरून परत येतेस. मागे माझ्या पाठीवर तीळ दिसला तर डॉक्टरकडे नेलंस. आई तुला भागूबाई म्हणते ते काही खोटं नाही."

लांडगा आला रे करणाऱ्या पोरासारखी माझी गत झाली आहे. फरक इतकाच की मी कधी गंमत म्हणून ओरडले नव्हते, मला दर वेळी खरंच लांडगा दिसला होता.

"हा मान एकालाच मिळतो," ती म्हणाली. "सगळे माझ्याकडे बघत असणार. पाय नाही वाजवला तर मी करू काय? नुसती उभी राहू?"

"टाळी वाजव."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "टाळी? एकटीने?" मग माझं तोंड बघून हसू आवरलं. पाणी प्यायली. आणि जाता जाता, चपला घालताना म्हणाली, "अगं, सांगायचं राहिलं. आई येतेय कार्यक्रमाला. पालकांत, तिसऱ्या रांगेत जागा मिळालीय तिला."

ताई, हे काय केलंस? मी तुला मुलगी बाहेर काढ म्हणून लिहिते आणि तू स्वतः आत येऊन बसतेस? तिसरी रांग बरोबर बाल्कनीच्या पोटाखाली येते. तू शाळेच्या मैदानावर कवायत घेतेस, तुझ्या एका शब्दावर अख्ख्या शाळेचे पाय उठतात आणि पडतात. इतके पाय एकदम पडले की जमिनीला काय होतं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असायला हवं.

माझ्यावर राग धर, आयुष्यभर धर. पण त्या खुर्चीत बसू नकोस. पुढे व्यासपीठाजवळ जाऊन बस. कुणी हटकलं तर तुझा तो शिक्षिकेचा चेहरा कर, कुणाची टाप नाही तुला उठवायची.

भागूबाई


२० नोव्हेंबर, सकाळ

ताई,

हे पत्र तुला वेळेत मिळणार नाही. तू घरातून निघालीही असशील. हात रिकामे ठेववत नाहीत म्हणून लिहिते आहे.

पाट्या लागल्या. "कृपया पाय हळू वाजवावेत" या ओळीखाली कुणीतरी चवड्यावर चालणारं मांजर काढलं आहे आणि पोरं त्याच्याशेजारी उभी राहून फोटो काढत आहेत. विभागप्रमुखांनी काल पुन्हा कुलगुरूंना गाठलं. चौकशी करतो, असं उत्तर मिळालं.

मी आज वर उभी राहणार आहे, टिटवीच्या शेजारी. कर्मचाऱ्यांना कुठेही उभं राहता येतं. सरांनी विचारलं, "तुमची इतकी खात्री आहे, मग वर कशाला जाता?" मला सांगता आलं नाही. ती वर, तू खाली, आणि मी बाहेर फाटकाशी उभी राहून आवाजाची वाट बघू? ते माझ्याच्याने होणार नाही. भित्र्या माणसाला लांब उभं राहणं जास्त अवघड जातं, हे तुम्हा धीट लोकांना कळत नाही.

चांगली साडी नेसले होते. मग ती सोडून सलवार घातली, पळायला बरी. मग वाटलं पळायचं कुठे, आणि पुन्हा साडी नेसले. हे वाचून तू हसशील.

निघते.


२३ नोव्हेंबर

ताई,

तू खाली होतीस. वर काय झालं ते तुला दिसलं नसेल, म्हणून सांगते.

गाणं संपलं तेव्हा मी टिटवीच्या चेहऱ्याकडे नाही, तिच्या पायाकडे बघत होते. नवे बूट होते. टाच उचलली गेली. टाच तशीच राहिली जरा वेळ, आणि मग अलगद, काही आवाज न करता खाली आली. पोरीने टाळी वाजवली. एक, मग आणखी एक. तिचे कान लाल झाले होते. अख्ख्या सभागृहात तो एकटा आवाज किती केविलवाणा वाटत होता. कुणीतरी फिसकन हसलं. मी टाळ्या वाजवायला लागले. माझे हात घामाने ओले होते, धड आवाजही निघेना.

तेवढ्यात मागून एक जाडेले माजी विद्यार्थी म्हणाले, "काय पोरकटपणा चाललाय? परंपरा आहे ही." आणि त्यांनी पाय आपटला. सगळ्यांना हायसं वाटलं असावं. त्यांच्या शेजारचे सुरू झाले, मग मुलं, मग खालची. ते सगळं तू ऐकलंसच.

सुरुवातीला काही झालं नाही. मला वाटलं, चुकलं माझं गणित, आणि इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, मला रडूच येणार होतं. मग गुडघ्यात कळलं. मी तर पाय उचललाही नव्हता, पण जमीन वर येऊन तळव्याला लागत होती आणि पुन्हा सुटत होती. कठड्यातून गुणगुण यायला लागली. टिटवीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की अजून वळ आहेत. तिला कळलं होतं. बाकीचे हसत होते, ताई. त्यांना मजा वाटत होती. जितकी जमीन उसळत होती तितका त्यांना जोर चढत होता.

मी ओरडले. माझा आवाज तुला माहीत आहे, तो माझ्याच कानापर्यंत पोचला नाही.

आणि मग खालून तू ओरडलीस.

"थांब."

कवायतीतला तो आवाज. माइक हातात असलेल्या निवेदकालाही जमला नसता असा. माझ्या मागच्या त्या जाडेल्या गृहस्थांचा पाय हवेत राहिला. शाळेत जाऊन आलेला प्रत्येक माणूस जागच्या जागी थिजला. पाय थांबले आणि बाल्कनी थांबली नाही. ती तशीच हलत राहिली, खाली, वर, खाली, कुणीही काही करत नसताना. तेव्हा लोक घाबरले. एक बाई हळू आवाजात "अगं आई गं" म्हणाल्या, त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं.

त्या क्षणी लोक पळाले असते तर मी आज लिहायला नसते. पण तू बोलतच राहिलीस. "कुणी पळायचं नाही. खालच्यांनी आधी माझ्या मागे यायचं. वरच्यांनी मागच्या रांगेपासून निघायचं. पाय उचलायचे नाहीत, घासत चाला." कुलगुरू बाल्कनीच्या पहिल्या रांगेत होते, पाहुण्यांना घेऊन. तेही पाय घासत निघाले. संस्थापकांची नात चपला हातात घेऊन चालत होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

काल बाल्कनीच्या पोटाखालचं आच्छादन काढलं. सरांनी मला शिडीवर चढवलं, लिफ्टमध्ये न चढणाऱ्या मला. भिंतीतून निघालेल्या लोखंडी तुळईचं एक टोक भिंतीतून सुटून आलं आहे. मधल्या फटीत सरांनी हात घातला, तो मनगटापर्यंत गेला. ती तुळई पालकांच्या तिसऱ्या रांगेवर येते. मी खाली बघितलं तर तुझ्या खुर्चीवर चुन्याची भुकटी पडलेली होती. तू जागा बदलली नव्हतीस. का बदलली नाहीस ते मी विचारणार नाही. मी वर का गेले ते मलाही सांगता येत नाही.

सभागृहाला कुलूप आहे. टिटवीला परंपरेचा अवमान केला म्हणून जे बोलावणं आलं होतं ते गुपचूप मागे घेतलं. विषय खोलीबाहेर नेल्याबद्दल माझ्याकडे खुलासा मागितला आहे, तो मात्र अजून मागे घेतलेला नाही. माझी भीती काही गेली नाही. रस्त्यावर ट्रक गेला आणि कप बशीत वाजला तरी मी उठून उभी राहते. नोकरी राहील की जाईल ते कळायचं आहे. पण घास खाली उतरतो.

त्या दिवशी बाहेर अंगणात तू मला शोधत आलीस. बाल्कनीखालून बाहेर पडताना माझ्या केसांत सांडलेला चुना झटकलास, जरा जोरातच झटकलास. "जेवलीस का?" विचारलंस आणि मी काही बोलायच्या आत टिटवीला घेऊन गेलीस. उत्तर देते. नव्हते जेवले. मग घरी जाऊन जेवले.

पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस, आता दिलं नाहीस तरी चालेल. त्या झोक्यावर मी एवढं ओरडायचे आणि तू एकदाही हात मागे घेतला नाहीस. इतकी वर्षं मी समजत होते की तुला माझं ऐकूच जात नाही. सभागृहात तू माझाच शब्द ओरडलीस. म्हणजे जात होतं.

तुझी,
भागूबाई